पाण्याला ‘कोन’ विचारू नये

आमच्या खाडीकाठी ‘ण’ कुणाला म्हणता येत नाही. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी आणि कोण म्हणजे कोन. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. बाणातला ण शिकवताना बाईंनी हातावर पट्ट्या मारल्या, तेव्हा तो लिहिण्यात आला. जिभेवर कधी आला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे घोटाळा व्हायला नको.

दुसरं सांगायचं ते आमच्या गावच्या रिवाजाचं. पाण्याकडे तोंड करून ‘कोन?’ असं विचारायचं नाही. जाळं जड आलं, होडीला खालून काही लागलं, काठच्या तिवरांच्या झाडीत काही खसफसलं, तरी ‘काय आहे’ म्हणायचं. ‘कोन आहे’ म्हणायचं नाही. ज्याचं प्रेत मिळालं नाही असा बुडालेला माणूस त्या प्रश्नाची वाट बघत असतो, विचारलं की ओ देतो, असं म्हणतात. मी असल्या गोष्टी फारशा मानत नाही. पण मी तसं कधी विचारलंही नाही, कारण माझ्या घरचाच माणूस त्या पाण्यात राहिला आहे.

माझा मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कामाला. आधी एडिसनला होता. तिथे दुकानात सुके बोंबील मिळायचे, रस्त्यात साडी नेसलेल्या बायका दिसायच्या, मला परकं वाटलं नाही. मग कंपनीने त्याला वर मिनेसोटाला पाठवलं. तिसऱ्या खेपेला मी गेले ती तिथे, दोन हजार पाच-सहा सालच्या हिवाळ्यात. तिथे म्हाताऱ्या माणसाला दोनच कामं, गरम राहायचं आणि पडायचं नाही. सून पुण्याची, नोकरी करते, स्वभावाने चांगली आहे. घरात मासा शिजवू द्यायची, पण खिडकी उघडून. तिथल्या जानेवारीत खिडकी उघडली की मासाही नको आणि जेवणही नको.

मुलगा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता आणि सगळं विचारायचा. ‘आये, हा शर्ट घालू का तो?’ ‘या रस्त्याने जाऊ का त्या?’ हॉटेलात गेलं की वेटर दोनदा येऊन परत जायचा. सून एकदा हसत म्हणाली, ‘आई, लग्नाला हो म्हणायला यांना चार महिने लागले. शेवटी मीच म्हटलं, तुम्ही हो म्हणताय की तुमच्या वतीने मीच म्हणू?’ मुलगाही हसला. मी हसले नाही. तो असा का झाला ते मला माहीत होतं, आणि तेच त्याला सांगायला मी त्या वर्षी गेले होते.

आधीच्या दोन खेपांना न सांगताच परत आले होते. आता छातीत कळ यायची, गावचा डॉक्टर म्हणायचा जपा. या खेपेला सांगितलं नाही तर ते माझ्याबरोबर सरणावर जाणार होतं, आणि पोरगा उरलेला जन्म शर्ट विचारत बसणार होता. सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही, ही दुसरी भीती. हा एकच मुलगा आहे मला.

गोष्ट अशी आहे.

तो सहा वर्षांचा होता. त्याचा बाप सकाळी होडी घेऊन खाडीतलं जाळं बघायला निघाला. खाडीत मोठे खुंट ठोकून त्यांना आम्ही जाळं बांधतो. निघताना आमचं भांडण झालं. जाळ्याला पडलेलं भोक मी शिवलं नव्हतं. तो एक बोलला, मी चार बोलले. तो गेल्यावर मी रागाने खाडीकडे पाठ करून बोंबील दांडीवर वाळत घालत बसले. पोरगा बांधावर बसून बापाकडे बघत होता. तो ओरडला तेव्हा मी वळले. होडी खुंटांपाशी दोराला अडकून पालथी पडली होती. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर चाललं होतं. माणूस कुठे दिसत नव्हता.

गाव गोळा झालं. ‘कुठं बुडाला? तू होतीस ना काठावर?’ नवरा पाण्यात असताना बायको काठावर असते ती नजर ठेवायला. मी बघत नव्हते, असं चार माणसांत माझ्या तोंडून निघालं नाही. मी बोट दाखवलं. ‘तिथं. खुंटांपाशी, होडीखाली.’

पोरगा म्हणाला, ‘नाय आये. बाबा तिकडं. वळणाला. हात वर केला त्यांनी.’

मी त्याच्या मुस्काटात मारली. ‘तुला काय कळतंय! मी बघितलंय डोळ्यांनी.’

सगळ्यांनी माझं ऐकलं. दोराला गळ बांधून तीन दिवस त्यांनी खुंटांखालचा चिखल खरवडला. खाडीच्या वळणावर कुणी गेलं नाही. सोळाव्या दिवशी घरात खायला काही नव्हतं म्हणून मी खेकडे धरायला वळणावर गेले. तिथे तिवराच्या मुळांत त्याचा डोक्याचा लाल रुमाल अडकला होता. पोराचं बरोबर होतं. मी रुमाल कोपरभर चिखलात दाबला, वर दगड ठेवला आणि खेकडे घेऊन घरी आले.

प्रेत मिळालं नाही म्हणून वर्षाने भटजींनी दर्भाचा माणूस करायला सांगितला, डोक्याच्या जागी नारळ. पोराने त्याला अग्नी दिला. नारळ फुटला तेव्हा माझ्याकडे बघून त्याने विचारलं, ‘आये, बाबा खुंटांखालीच होते ना?’

मी हो म्हटलं. तेव्हापासून तो विचारतोच आहे.

त्याचा एक मित्र होता, त्याच्याच ऑफिसातला, नागपूरचा. मला काकू म्हणायचा. ऑफिसातल्या गोऱ्यांनी या दोघांना बर्फातल्या मासेमारीचा नाद लावला होता. तिथे अख्खं तळं गोठतं, त्याच्यावरून गाड्या चालवतात. बर्फाला भोक पाडायचं, त्यातून गळ सोडायचा आणि बसायचं. शनिवारी सकाळी दोघे निघाले की मीही जायला लागले. सून म्हणायची, ‘आई, थंडीने मराल तिथे.’ मी म्हटलं, घरात बसून तर नक्कीच मरेन.

पहिल्या दिवशी बर्फावर पाय ठेवायला मला वेळ लागला. हातभर जाड बर्फ होता, पण खाली पाणी आहे हे पायाला कळतं. मधूनच तळं हंबरायचं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लांबलचक आवाज जायचा, जाडजूड दोर ताणून सोडावा तसा.

‘काकू, घाबरू नका,’ मित्र म्हणाला. ‘बर्फ अजून जमतोय, म्हणून आवाज येतो. आवाज येतोय तोवर चांगलं.’

‘आणि थांबला की?’

‘मग पळायचं. तुम्ही पुढे, मी मागे.’

‘मागे कशाला? तू तर आधी पोचशील.’

मित्राने मोठ्या गिरमिटाने भोक पाडलं. घागर जाईल एवढं. पाण्यावर बर्फाचा चुरा तरंगतो, तो काढायला त्यांच्याकडे झारा होता, अगदी आपल्या भज्यांच्या झाऱ्यासारखा, नुसता दांडा लांब. ते काम मी घेतलं. वर कापडी तंबू टाकला. आत काळोख, आणि उजेड यायचा तो खालून, भोकातून. बाहेरचं ऊन बर्फातून झिरपून पाण्यात उतरतं आणि भोकातून हिरवट होऊन वर येतं. तिघांचीही तोंडं खालून उजळलेली. मला ते आवडलं नाही. खालून उजेड पडलेलं तोंड ओळखीचं राहत नाही.

मग मुलाने मशीन काढलं. वायरीच्या टोकाला लिंबाएवढा गोळा, तो भोकात सोडायचा. वर गोल तबकडी, तिच्यावर दिव्यांच्या रेघा. त्याने ते सुरू केलं, भोकावर वाकला आणि म्हणाला, ‘कोन?’

माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

‘कोन कुठला?’ पाण्यात बघत तो पुन्हा म्हणाला. ‘मोठा का बारीक?’

‘गप!’ मी ओरडले. ‘पाण्यात बघून काय विचारतोस?’

दोघे माझ्याकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, ‘आये, मशिनचा कोन विचारतोय. किती मोठा ठेवायचा ते.’

‘काकू, आइस्क्रीमचा कोन असतो नं,’ मित्र म्हणाला. ‘तो उलटा धरा. वर टोक, खाली पसरट. हा गोळा आवाज सोडतो, तो असा कोनासारखा पसरत खाली जातो आणि आपटून परत येतो. त्याच्यात जे सापडेल ते इथं दिसतं.’

‘आवाज मला कसा येत नाही?’

‘आपल्या कानाला नाही येत.’

माझे सासरे वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून दांड्याला कान लावायचे. ढोमी मासा खाली घोरल्यासारखा आवाज करतो, तो ऐकून ते जाळं टाकायला सांगायचे. गावात तसा कान दुसऱ्या कुणाला नव्हता. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, बुडाल्यावर त्यांनी पुन्हा कधी वल्ह्याला कान लावला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘काही ऐकू आलं तर काय करू?’

मला मशीन लवकर कळलं. बारा वाजता काटा असतो तिथे म्हणजे वर, बर्फ. तिथून फिरत गेलं की खोली. जाड लाल पट्टा म्हणजे तळ. मध्ये एक बारीक रेघ हलायची, तो आपलाच गळ. तिसरी रेघ आली तर मासा. मासा कोनाच्या कडेला असला तर रेघ हिरवी, बरोबर खाली आला की लाल.

कोन दोन होते आणि एक बटण दाबून बदलायचे. मित्राने समजावलं ते असं. तिथे तीस फूट पाणी होतं. बारीक कोन तळाशी चार-पाच फुटांचं वर्तुळ बघतो, मोठा दहा-अकरा फुटांचं. उथळ पाण्यात मोठा बरा, कारण बारीक तिथे पसरतच नाही. खोल पाण्यात, आणि तळ उतरता असेल तर, बारीक बरा. उतारावर मोठ्या कोनाला चढाकडची जमीन आधी लागते, तिलाच तो तळ समजतो. तिच्याहून खाली, खड्ड्यात बसलेला मासा मग त्या लाल पट्ट्यातच बुडून जातो. असतो, पण दिसत नाही.

‘म्हणजे बारीक ठेवला की खालचं साफ दिसतं,’ मी म्हटलं, ‘आणि बाजूचं काहीच नाही.’

‘करेक्ट.’

‘मग ज्याने बारीक ठेवला तो म्हणणार, बाजूला काही नव्हतंच.’

‘काकू, तुम्ही इंजिनियर व्हायला पाहिजे होतं.’

मुलगा बटणाशी खेळत होता. मोठा केला, बारीक केला, पुन्हा मोठा. मित्र वैतागला. ‘अबे, बटण झिजवशील! एक ठेव नं.’

‘तू सांग कुठला.’

‘मी सांगितलं, उतार आहे, बारीक ठेव.’

‘पण मोठ्यात कडेला काहीतरी होतं.’

‘मग मोठा ठेव बाप्पा!’

‘आये, तू सांग,’ मुलगा म्हणाला. ‘कोन मोठा ठेवू का बारीक?’

दर शनिवारी हेच. तोंड पाण्याकडे आणि प्रश्न ‘कोन?’. मशिनचा कोन आहे हे मला कळत होतं. तरी प्रत्येक वेळी तो शब्द भोकातून खाली जायचा आणि मी तबकडीकडे बघायचे, उत्तर येतं का ते. मोठा का बारीक, म्हणजे त्या सकाळी काठावरून हरवलेले दोघे, एक मोठा आणि एक सहा वर्षांचा. हे मी त्याला कसं सांगू? मी म्हणायचे, ‘बारीक ठेव,’ आणि झाऱ्याने चुरा काढायचे.

मासे मिळायचे. वॉलाय म्हणून एक मासा असतो तिथे, चवीला चांगला, काटे कमी. त्याचे डोळे काचेच्या गोटीसारखे पांढरे, काळोखात चमकतात. मी आयुष्यभर मासे कापले, पण त्याचं डोकं कापताना त्याच्यावर फडकं टाकायचे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी हीटरचा गॅस संपला. मित्र म्हणाला, ‘गाडीतून दुसरा आणतो, काकूंसाठी चहाही आणतो,’ आणि गेला. गाडी काठावर होती, जाऊन यायला अर्धा तास तरी लागणार. तंबूत आम्ही दोघेच.

मुलगा मशीन बघत होता. बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

‘आये,’ तो म्हणाला, ‘मोठा ठेवला की कडेला हिरवं काहीतरी येतं. बारीक केला की नाय. पुन्हा मोठा केला की आहेच. मला भास होतोय का गं?’

‘भास नाय होत,’ मी म्हटलं. ‘तुला तेव्हाही भास झाला नव्हता.’

‘केव्हा?’

मग मी सांगितलं. मासा साफ करतात तसं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, मध्ये थांबले नाही. भांडण सांगितलं. पाठ करून बसले होते ते सांगितलं. त्याने वळण दाखवलं आणि मी खुंट दाखवले, ते सांगितलं. लाल रुमाल आणि दगड सांगितला. रडले नाही. रडले असते तर तो माझी समजूत काढायला लागला असता, आणि तो हक्क मला नव्हता.

तो मशिनकडेच बघत होता. लाल पट्ट्याचा उजेड त्याच्या गालावर पडला होता. बाहेर तळं हंबरलं, लांब गेलं, थांबलं.

‘मला थप्पड आठवते,’ तो म्हणाला. ‘कशाची ते आठवत नव्हतं.’

‘आता कळलं.’

‘मला वाटायचं, मी काहीतरी केलं म्हणून बाबा बुडाले. म्हणून तू मारलंस.’

हे मला छत्तीस वर्षांत माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मी त्याचे डोळे खोटे पाडले, एवढंच. त्याने तर बापाचं मरणच अंगावर घेतलं होतं, आणि माझ्या घरात, माझ्या हातचं जेवत तो ते घेऊन मोठा झाला.

‘दगड कुठं ठेवलास?’

‘वळणाला, दोन तिवरं एकमेकांत गेलीत तिथं. आता काही नसेल. चिखलात काय राहतं?’

‘मी ओरडलो, त्याच्याआधी पण ओरडलो होतो का? तू वळली नाहीस असं झालं का?’

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारू दिला नव्हता.

‘झालं असेल,’ मी म्हटलं. ‘मी रागात होते. ऐकलं असेल आणि वळले नसेन.’

त्याने मान हलवली. एखाद्या कागदावर सही करावी तशी, एकदाच.

मित्र आला. पाठीवर गॅसची टाकी, हातात थर्मास, मिशीवर बर्फ. ‘काय दाखवतंय?’

‘कडेला आहे एक,’ मुलगा म्हणाला.

‘उतार आहे बे, कडेचं सोड. बारीक कर.’

‘मोठाच राहू दे.’

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मुलाने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मग त्याने बोट लांब करून तंबूच्या डाव्या कापडाकडे दाखवलं. ‘तिकडं आहे.’

‘कशावरून?’ मित्र म्हणाला. ‘मशीन किती खोल ते सांगतं. डावीकडं का उजवीकडं ते कुठं सांगतं? कोन चारी बाजूंनी सारखाच असतो नं.’

हे खरं होतं. मशिनला बाजू कळत नाही. मुलालाही ते माहीत होतं.

‘तिकडं आहे,’ तो पुन्हा म्हणाला. त्याने गिरमिट उचललं आणि बाहेर गेला. डावीकडे दोन-तीन पावलांवर भोक पाडल्याचा आवाज आम्ही ऐकला.

‘काकू, भांडण झालं काय?’

‘नाय.’

‘मग हा काहून असा गेला?’

‘त्याला वाटतंय तिकडं मासा आहे.’

‘आणि नसला तर?’

‘नसला तर नसला.’

मासा नव्हता. ऊन उतरेपर्यंत तो तिथे उघड्यावर बादली उपडी करून बसला. एकही लागला नाही. मित्राने दोनदा चहा नेऊन दिला, तो त्याने घेतला. मी तंबूच्या फटीतून त्याची पाठ बघत होते. घरी सुनेने विचारलं, ‘किती मिळाले?’ तर म्हणाला, ‘काही नाही,’ आणि आंघोळीला गेला.

त्यानंतर महिनाभर मी तिथे होते. आम्ही भांडलो नाही. एकाच टेबलावर जेवत होतो. पण त्याचं विचारणं बंद झालं. आधी सकाळी म्हणायचा, ‘आये, गोळी घेतलीस का?’ आता गोळी आणि पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचा, ‘गोळी ठेवलीय.’ शर्ट विचारला नाही, रस्ता विचारला नाही. हॉटेलात गेलो तर मेनूकार्ड न उघडताच सांगून मोकळा झाला. सून एकदा हळूच म्हणाली, ‘आई, तुम्ही यांना काय सांगितलंत? आता मला काही विचारतच नाहीत. चांगलं आहे म्हणा. पण घरात कुणी दुसराच राहायला आल्यासारखं वाटतं.’

मी तिला म्हटलं, ‘हाच तो होता. मधे दुसरा होता.’ तिला ते कळलं नाही. कळेल असं मी सांगितलंही नव्हतं.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की तो एकदा तरी विचारेल, का? का लपवलंस? मी उत्तर तयार ठेवलं होतं. लाज वाटली, एवढंच ते उत्तर. त्याने विचारलं नाही.

माझं परतीचं तिकीट मार्चच्या शेवटाचं होतं. त्याआधीच्या शनिवारी तो सकाळी माझा जाड कोट घेऊन आला आणि म्हणाला, ‘चल.’ मित्र नव्हता, तंबूही आणला नव्हता. बर्फ आता वरून काळसर पडला होता, पण अजून जाड होता. तो प्रत्येक दहा पावलांवर लोखंडी पहारीने ठोकून बघत पुढे चालला. मी त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत मागे. तळं अजिबात हंबरत नव्हतं. मला मित्राचं बोलणं आठवलं, तरी मी मुलाच्या मागे चालत राहिले. त्याने ठोकून पाहिलं होतं, तेवढं मला पुरे होतं.

त्याने माझ्यासाठी भोक पाडलं, बादलीवर गोधडी घालून मला बसवलं, गोळा पाण्यात सोडला, मशीन सुरू करून समोर ठेवलं. कोन मोठा होता. माझा हात बटणाकडे गेला तर म्हणाला, ‘राहू दे तसाच.’ झारा माझ्या हातात दिला आणि लांब जाऊन आपलं भोक पाडलं. आमच्यामध्ये चाळीस पावलं असतील.

उन्हात तबकडी नीट दिसत नव्हती. मी पदर डोक्यावरून पुढे ओढून त्याचा आडोसा केला. खाली जाड लाल पट्टा. मधे काही नाही, गळ मी सोडलाच नव्हता. बऱ्याच वेळाने कडेचं हिरवं आलं. तळापासून वीतभर वर, बारीक, स्थिर. मासा इतका स्थिर राहत नाही. तण असेल, बुडालेलं लाकूड असेल. मी ते बघत राहिले. ते लाल होत नव्हतं आणि जातही नव्हतं.

भोकावर वाकून मी विचारलं, ‘कोन?’

माझा श्वास पाण्यावर पडून वाफ झाली. थोडं थांबून पुन्हा विचारलं. ‘कोन? मोठा का बारीक?’

ओ आली नाही. रेघ होती तिथेच राहिली. पाण्यावर बर्फाची साय धरायला लागली होती, ती मी झाऱ्याने काढली. मग पाठीमागे ओरडल्यासारखं वाटलं. एकदाच, आणि नीट ऐकूही आलं नाही. मी बादलीवरून तशीच अख्खी वळले.

पोरगा त्याच्या भोकापाशी उभा होता. त्याने एक हात वर केला होता. बोलावत होता, का मासा लागला होता, का नुसताच, ते इतक्या लांबून कळलं नाही. मी बघत होते.